अदलाबदलीचा रविवार आणि आमच्या पाळकीणबाई

आमच्या पाळकीणबाईंच्या घरातल्या प्रत्येक पडद्याला खाली हातभर दुमड घातलेली आहे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, कापड कापायचा कंटाळा केला असेल. विचारलं तर म्हणाल्या, "पुढच्या घराच्या खिडक्या केवढ्या असतील कुणाला ठाऊक? उसवायचं आणि टांगायचं." पलंगाखाली पुठ्ठ्याची खोकी घडी करून ठेवलेली, त्यांच्या सुतळ्यासुद्धा गुंडाळून एका डब्यात. चर्चच्या पाळकाची बायको म्हणजे दर थोड्या वर्षांनी बदली. कुठलं मूल कुठल्या गावात चालायला लागलं हे आठवायचं असलं की बाई आधी तिथला ओटा आठवतात. "ओटा डावीकडे होता ना, म्हणजे धाकटा तिथे चालला." आता मुलं मोठी होऊन आपापल्या नोकऱ्यांच्या गावी गेली. खोकी मात्र पलंगाखालीच.

त्यांचं मागचं अंगण आणि आमचं अंगण यांच्यामध्ये कमरेएवढी भिंत आहे. आमची मैत्री कपडे वाळत घालता घालता झाली. त्या मला वहिनी म्हणतात, कारण आमचे हे मंडळीच्या पंचांपैकी एक. मंडळी म्हणजे आमच्या चर्चला येणारी सगळी माणसं, आणि पंच म्हणजे त्या सगळ्यांच्या वतीने चर्चचा कारभार पाहणारे, निदान तसं समजणारे, पाच जण.

मंडळीने पगार देऊन नेमलाय तो एक पाळक. पण रविवारची मुलांची शाळा कोण घेतं? बाई. वेदीवरची फुलं, आजारी माणसांच्या घरी जाणं, कुणी गेलं की आलेल्यांचा चहा, चर्चची किल्ली, "पाळकसाहेब आहेत का?" म्हणून वाजणारा फोन, सगळं बाई. पाळकसाहेब माणूस सोन्यासारखा, पण त्यांना स्वतःचा चष्मा सापडत नाही. बोलायला उभे राहिले की थांबायची जागाही त्यांना सापडत नाही. "आता शेवटचा मुद्दा" असं म्हणाले की आमच्या रांगेतल्या बायका एकमेकींकडे बघतात, कारण त्या शेवटच्या मुद्द्याच्या पोटात अजून तीन मुद्दे असतात. घरी गॅसवर मंद आचेवर काहीतरी ठेवून आलेल्या बाईची काय अवस्था होते ते तिलाच माहीत.

आणि घरात आजोबा. पाळकसाहेबांचे वडील. उभा जन्म कुलपं दुरुस्त करण्यात गेला, आणि डोळे गेले ते या घरात आल्यावर, हळूहळू. दिसायचं बंद होणार हे कळलं तेव्हा आजोबांनी रडारड केली नाही. हत्यारं काढली आणि घरातल्या दारांच्या मुठी बदलल्या. न्हाणीघराला गोल, स्वयंपाकघराला चपटी, मागच्या दाराला नुसती कडी. आता मुठीला हात लागला की आपण कुठे उभे आहोत हे त्यांना कळतं. मागच्या दारातून भिंत चाचपत नळाशी, नळापासून फाटकाशी, आणि फाटकाबाहेर बाकावर. तिथे बसून चपलांच्या आवाजावरून माणसं ओळखायची आणि टोमणे मारायचे. "काय पंच, आज उजवा पाय ओढताय? वहिनींनी ढकललं वाटतं!" आमचे हे चिडतात. मी नाही.

आता मुद्द्याचं सांगते. आमच्या गटात लहानमोठ्या बऱ्याच मंडळ्या आहेत. वर्षातून एका रविवारी सगळे पाळक जागा बदलतात. इथला तिथे, तिथला इथे. हेतू चांगला आहे. एकमेकांना भेटावं, बंधुभाव वाढावा. शनिवारी संध्याकाळी पाळक पिशवी घेऊन दुसऱ्या पाळकाच्या घरी मुक्कामाला जातो, रविवारी तिथल्या व्यासपीठावरून प्रवचन करतो, जेवतो आणि परत येतो. बायका जात नाहीत. बायका घरी थांबून दुसरीच्या नवऱ्याला वाढतात. बंधुभावात त्यांचा वाटा एवढाच.

पंचांनी या बंधुभावाचं काय करून ठेवलंय? दुकानात कापड चोळून बघतात तसं ते त्या रविवारी पाहुण्या पाळकाला चोळून बघतात. बदल्या त्यानंतरच्या महिन्यात ठरतात. आवडला की मुख्य कार्यालयाला पत्र जातं, अमुक पाळक आम्हाला मिळावेत. मोठ्या मंडळीचं पत्र असलं तर कार्यालय सहसा नाही म्हणत नाही. यात एक साधी गोष्ट या पंचांच्या डोक्यात कधी शिरत नाही. पाहुणा पाळक नेहमीच चांगला बोलतो. बोलणारच! दर रविवारी नवीन काय आणणार बिचारा, पण वर्षातून एकदा बाहेर जायचं तर प्रत्येकाकडे घोटून घोटून गुळगुळीत केलेलं एक प्रवचन असतं. पंच ते एक ऐकतात, पाळक मागवतात, आणि मग उरलेलं वर्षभर कपाळाला हात लावून बसतात.

आमच्या पाळकसाहेबांचं बाहेरगावचं प्रवचन म्हणजे बाबांचं प्रवचन. माझे बाबा कुलपं दुरुस्त करायचे, असं ते सुरू होतं. कुणाची किल्ली हरवली, दार अडकलं, की लोक बाबांना बोलवायचे. बाबा कुलूप उघडायचे आणि दार उघडताक्षणी पाठ फिरवायचे. कुणाच्या घरात काय आहे, काय नाही, हे त्यांनी जन्मात पाहिलं नाही. दुसऱ्याचं दार उघडून द्यावं आणि आत डोकावू नये. इथे पाळकसाहेबांचा आवाज बसतो आणि बायकांचे रुमाल निघतात. याच प्रवचनावर आमच्या पंचांनी त्यांना इथे मागवून घेतलं. आमचे हे रडले होते. माझ्या बाळंतपणात नाही रडले.

आजोबांना मी एकदा विचारलं होतं, खरं का हो? म्हणाले, "पाठ फिरवायचो ते खरं आहे. हत्यारांची पिशवी मागे ठेवलेली असायची. ती भरायला नको?"

तर या वर्षी आमच्या वाट्याला आली ती मोठ्या शहरातली, आमच्या गटातली सगळ्यांत मोठी मंडळी. तिथलं पाळकांचं घर चर्चमागच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही, खाली रहदारीचा चौक. तिथल्या पाळकांच्या बायकोचे गुडघे गेलेत आणि ते दोघं तळमजल्याचं शांत घर शोधतायत, हे सगळ्या गटाला ठाऊक होतं. म्हणजे त्यांना इथलं घर हवं, आणि त्यांच्या पंचांना नवा पाळक हवा. बाबांचं प्रवचन तिथे झालं की खेळ खलास.

पाळकीणबाई भिंतीशी आल्या, हातात पिळलेला शर्ट तसाच.

"वहिनी, यांनी तिथे वाईट बोललं पाहिजे."

"म्हणजे नेहमीसारखं?" मी म्हटलं आणि जीभ चावली.

त्या रागावल्या नाहीत. शर्ट झटकला आणि म्हणाल्या, "हो. अगदी नेहमीसारखं. इथे बाबांना घर पाठ आहे. त्या तिसऱ्या मजल्यावर नेलं तर ते पलंगावरून उठायचे नाहीत. परत पहिल्यापासून आंधळे होतील."

त्याच दिवशी दुपारी नवराबायकोचं बोलणं माझ्या कानावर आलं. मी काही भिंतीला कान लावत नाही, भिंतच एवढीशी आहे.

"या वेळी बाबांचं प्रवचन करायचं नाही."

"मग कुठलं करू?"

"शिस्तीचं करा."

"कुठलं शिस्तीचं?"

"ज्यात आपले खजिनदार घोरले होते."

मग पाळकसाहेबांचा दुखावलेला आवाज. "अगं, प्रवचन म्हणजे काय शर्ट आहे का? हा नको, तो घाला!"

"बाबांना तिसऱ्या मजल्यावर न्यायचंय का तुम्हाला?"

"नाही गं. पण…"

"पण काय?"

"काही नाही. तू म्हणतेस तर शिस्तीचं."

बाकावरून आजोबा ओरडले, "माझ्यावर बोलून बोलून याची बढती झाली! मला अजून अंघोळीला टॉवेल हातात मिळत नाही!"

शनिवारी पाळकसाहेब गेले आणि संध्याकाळी पाहुणे पाळक आले. उंच, हसतमुख, बोलायला गोड. बाईंनी उकडलेले बटाटे आणि अंड्यांचा रस्सा केला होता. तो त्यांनी दोनदा मागून घेतला. आणि जेवण होताच लागले की घर बघायला!

"नळाला पाणी जोरात येतं का हो?"

"कधी कधी," बाई म्हणाल्या.

"तळमजला म्हणजे ओल असेल?"

"फार," बाई म्हणाल्या. हे मला सांगताना त्यांचे कान लाल झाले होते. पाळकाच्या बायकोने पाळकाशी खोटं बोलायची वेळ यावी!

"छान, छान," पाहुणे म्हणाले, "ओलीने काही होत नाही." आणि पिशवीतून त्यांनी काढली मोजपट्टी. बायकोने दिली होती बरोबर. न्हाणीघरातलं स्टूल आणून, त्यावर चढून त्यांनी घरातल्या बोळातल्या खिडकीचं माप घेतलं, आणि स्टूल तिथेच सोडून झोपायला गेले. सकाळी आजोबा नेहमीसारखे भरभर निघाले आणि नडगी आपटून आडवे झाले.

"कोण गाढव आहे तिथे?"

"मी… मी पाहुणा पाळक."

"मग बरोबर आहे," आजोबा म्हणाले.

हसायची गोष्ट होती, पण बाई हसल्या नाहीत. मीही हसले नसते. कारण त्या दिवशी आजोबा बाकावर आलेच नाहीत. रोजच्या दारातून जातानासुद्धा एक हात पुढे हवेत धरून, पाय घासत चालत होते. एक स्टूल हातभर सरकलं तर ही गत.

उपासनेला चर्च भरलं होतं. पाहुणे सुरेख बोलले. एक होडीचा विनोद केला, आणि लोक हसून संपायच्या आत आशीर्वाद देऊन मोकळे झाले. भाजी करपायच्या आत घरी जायला मिळालं म्हणून निम्म्या बायका तिथेच त्यांच्या बाजूच्या झाल्या. वाटेत आमचे हे तरंगत होते.

"काय बोलले! काय बोलले!"

"काय बोलले?"

"म्हणजे… मनाला भिडलं."

"काय भिडलं ते तरी सांगा."

"तुला प्रत्येक गोष्टीत खुसपट काढायचं असतं," म्हणाले आणि होडीचा विनोद मला परत सांगितला. शेवट चुकवून.

संध्याकाळी पाळकसाहेब परतले तेव्हा मी कपडे काढत होते. वाळून कडक झालेले टॉवेल मी पुन्हा पुन्हा झटकले, कबूल आहे.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"शिस्तीचंच सुरू केलं होतं. खरंच. पहिला मुद्दा झाला, दुसरा झाला."

"मग?"

"मग समोर बघितलं. एक जण चष्मा पुसत होता. एक बाई छताकडे बघत होत्या. मला वाटलं, एवढी माणसं आवरून, मुलांना घेऊन आलीत आणि मी यांना काही देतच नाहीये. मग काय झालं कळलं नाही. तोंडातून निघालं, माझे बाबा कुलपं दुरुस्त करायचे."

"आणि?"

"आणि रडले."

"कोण?"

"सगळे," पाळकसाहेब म्हणाले. मग खाली बघत, "मीही."

बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या आत गेल्या आणि घासून पालथं घातलेलं पातेलं परत घासायला घेतलं.

पुढचे दिवस मी आमच्या ह्यांच्याशी भांडण्यात घालवले. पंचांची बैठक झाली होती. म्हणे, दोन्हीकडून सोय आहे. त्यांना आमचे हवेत, आम्हाला त्यांचे. एकाच दिवशी दोन्ही पत्रं टाकायची, कार्यालयाचंही काम सोपं.

"आणि आजोबा?"

"आजोबांना काय? तिथेही खोली मिळेल की."

"त्यांना दिसत नाही!"

"अगं, दिसत नाही तर मग कुठलीही खोली सारखीच ना," म्हणाले आणि ताटातली कोशिंबीर पुढे सरकवली, जशी काही मोठी समजूत घातली. या माणसाबरोबर मी संसार केला. डोकं भिंतीवर आपटायचं म्हटलं तर भिंत कमरेएवढी!

पुढच्या शनिवारी दुपारी पाळकीणबाईंनी भिंतीवरून हाक मारली, "वहिनी, कप घेऊन या, कमी पडतायत." आवाज वेगळा होता. मी कप घेऊन धावले तर फाटकाशी मोटार, आणि मोटारीतून उतरलेले तिघं शहरातले पंच. औषधांच्या दुकानाचे मालक, ते त्यांचे प्रमुख. एक दातांचे डॉक्टर. आणि एक निवृत्त मुख्याध्यापिका, पांढऱ्या फुलांचा मोठा गुच्छ छातीशी धरून. पत्र टाकायच्या आधी पाळकांचं घरदार एकदा बघून घ्यावं म्हणून न कळवता आलेले.

बाकावर आजोबा होतेच.

"पाळकसाहेबांचं घर हेच ना?" औषधवाल्यांनी विचारलं.

"हेच."

"आपण कोण?"

"मी त्याचा बाप."

आजोबांनी नाक वर करून वास घेतला. "फुलं कसली? पांढरी दिसतायत वासावरून. कोण गेलं?"

औषधवाले घसा खाकरत राहिले. डॉक्टर मोटारीकडे बघायला लागले. मुख्याध्यापिकाबाई जन्मभर मुलांना खरं बोला म्हणून सांगत आलेल्या. त्या म्हणाल्या, "तुम्हीच."

प्रकार असा होता. पाळकसाहेबांनी वडील वारले असं कधीच म्हटलं नव्हतं. पण वडील आहेत असंही म्हटलं नव्हतं. बाबा उघडायचे, बाबा फिरवायचे, बाबा म्हणायचे, आणि मग आवाज बसायचा. प्रवचनातले वडील वारलेलेच असतात. आम्हाला सगळ्यांना तशी सवय आहे. जिवंत वडिलांवर व्यासपीठावरून कोण रडतं? अख्ख्या मंडळीने मान खाली घालून त्यांच्यासाठी प्रार्थनासुद्धा केली होती म्हणे.

आत येऊन बसले तरी औषधवाल्यांचा पारा उतरेना. "आम्हाला फसवलंत, पाळकसाहेब. माझी बायको दोन दिवस जेवली नाही."

पाळकसाहेबांचा चेहरा पडला. "मी तसं म्हणालो नव्हतो हो…"

मी स्वयंपाकघराच्या दारात कप पुसत उभी. मनात म्हटलं, बाई, आता फक्त गप्प बसा. हे लोक रागावून उठतील, पत्र टाकणार नाहीत, आणि तुमचं घर वाचेल. थोडं नाव खराब होईल पाळकसाहेबांचं, होऊ दे. पण गप्प बसतील तर त्या पाळकीणबाई कसल्या?

"यांनी ते गेले असं कधीच म्हटलेलं नाही," चहाचा ट्रे ठेवत त्या म्हणाल्या. "खोटं बोलता येत नाही यांना. आलं असतं तर तुमच्याकडे शिस्तीचं प्रवचन शेवटपर्यंत रेटलं असतं. बाबांना तुम्हीच मारलंत. साखर किती?"

मी कपाळावर हात मारला. औषधवाले मवाळ झाले ना! साखर सांगितली, बिस्किट घेतलं. बाईंनी मग सरळ सांगितलं. बाबांना दिसत नाही, हे घर त्यांना हातांनी माहीत आहे, तिसरा मजला जमणार नाही. मुख्याध्यापिकाबाई मान हलवत होत्या. सगळं पुन्हा रुळावर येत होतं, तेवढ्यात आजोबांनी तोंड उघडलं.

"सगळे रडले म्हणता?"

"सगळे," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या.

"पुरुषसुद्धा?"

"आमचे डॉक्टर हुंदके देत होते."

डॉक्टरांनी चहात बघितलं.

"मी येतो," आजोबा म्हणाले. "जिने मला चढता येतात. डोळे गेलेत, पाय नाही गेले. मुठी तिथल्याही बदलेन. इथे माझ्यावर कोण रडतंय? इथे मी पडलो तरी आधी स्टूल मोडलं का ते बघतात."

"बाबा, खरंच?" पाळकसाहेबांचा चेहरा असा उजळला की मला त्यांना ओरडावंसं वाटलं आणि कीवही आली. इतक्या माणसांना आपण हवे आहोत असं कुणाच्या वाट्याला रोज येतं?

"मग प्रश्नच मिटला," औषधवाले म्हणाले.

बाई ट्रे उचलायला वाकल्या होत्या. तशाच सरळ झाल्या, ट्रे न उचलता.

"मी येणार नाही."

"लगेच नाही, सवडीने या," औषधवाले म्हणाले.

"सवडीनेही नाही. तुम्ही दोघं जा." हे नवऱ्याकडे बघून. "मी इथेच राहीन. पुढच्या गल्लीत शिवणवाल्या बाईंची वरची खोली रिकामी आहे. मी विचारून ठेवलीय."

हे मलाही ठाऊक नव्हतं. रोज भिंतीवर हात टेकून बोलतो आम्ही!

"पण बाबांना चालतंय ना आता?" पाळकसाहेब बावरून म्हणाले.

"बाबांना चालतंय. मी इतके दिवस बाबांचं नाव पुढे करत होते. मला वाटायचं त्यांच्यासाठीच. आता ते हो म्हणाले, तरी माझं मन हो म्हणेना. म्हणजे मलाच जायचं नाही."

"का पण?" डॉक्टरांनी विचारलं.

"मला इथे आवडतं."

"एवढंच?"

"एवढंच," बाई म्हणाल्या. आवाज चढला नाही की थरथरला नाही. दुकानात दुसरा रंग दाखवा म्हणावं तसं म्हणाल्या.

मग मी औषधवाल्यांचं तोंड बघत राहिले. त्या तोंडावरून एकामागून एक काय काय गेलं ते मला स्पष्ट वाचता येत होतं. "म्हणजे… मुलांची रविवारची शाळा… आमच्याकडे ती पाळकीणबाईच घेतात. आणि फुलं. आजारी माणसांकडे जाणं. पाळक एकटे आले तर…" त्यांनी डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टरांनी छताकडे.

मुख्याध्यापिकाबाई मोठ्याने हसल्या. "आपण पाळक मागायला आलो होतो ना?" म्हणाल्या, आणि उठून पाळकीणबाईंचा हात हातात घेतला. मोटारीत बसताना औषधवाल्यांना काहीतरी चांगलं सुनावत होत्या, काच वर होती म्हणून ऐकू आलं नाही.

पत्र टाकलं गेलं नाही. तिकडचं टाकलं गेलं नाही म्हटल्यावर आमचंही खिशातच राहिलं. पाहुणे पाळक आणि त्यांच्या गुडघेवाल्या बाईसाहेब दुसरीकडे कुठेतरी तळमजल्यावर गेले, सुखी आहेत म्हणे. आमचे हे अजून म्हणतात की बाईंनी असं चारचौघांत बोलायला नको होतं. मी विचारलं, मग कुठे बोलायला हवं होतं, तुमच्या बैठकीत? तर पेपर उघडला. आजोबा चार दिवस घरात कुणाशी बोलले नाहीत. एक चांगलं गाव हातचं घालवलं म्हणून. पांढरी फुलं मात्र बाकाशेजारी तांब्यात ठेवून घेतली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "माझीच आहेत."

आणि पाळकसाहेब. त्यांना एकच घोर लागला. एक दिवस मला भिंतीवरून विचारलं, "वहिनी, ही खरंच आली नसती का हो?"

"त्यांनाच विचारा की," मी म्हटलं. किती वर्षं झाली लग्नाला, आणि विचारायला शेजारीण!

विचारलं. मी पलीकडेच होते. बाई धुतलेली मोठी चादर बादलीतून काढत होत्या.

"तू खरंच आली नसतीस?"

"त्या दिवशी नसते आले."

"आणि परत कुणी बोलावलं तर?"

"तेव्हा सांगेन. पण आधी मला विचारा. मग बाबांना. मग पंचांना."

पाळकसाहेब तसेच उभे. काय करावं हे न कळलेला माणूस जसा उभा राहतो तसे. बाईंनी थोडा वेळ वाट पाहिली आणि चादरीचं एक टोक त्यांच्या हातात दिलं. दोघं पिळायला लागले. बाई ज्या बाजूला फिरवत होत्या त्याच बाजूला पाळकसाहेबही मन लावून फिरवत होते, आणि चादर दोघांच्या मध्ये नुसतीच गोल गोल फिरत होती. पाण्याचा थेंब खाली पडेना.

"उलटं," बाई म्हणाल्या. "अहो, उलटं फिरवा!"